सातवा गोटा

खळ घालून कडक केलेल्या अकरा पांढऱ्या कोटांची चळत दोन्ही हातांवर आडवी घेऊन निकानोरा दिवाणखान्याच्या दारात आली, आणि समोरच्या भिंतीवर तिला देवीचं पोट उघडं पडलेलं दिसलं.

कोट खाली पडले नाहीत. तीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे धुण्यात आणि इस्त्री करण्यात गेलेले हात ते. डोकं फिरलं तरी आपलं काम सोडत नाहीत. पण तिचा पाय पुढे पडेना.

"तिथंच का थांबलीस? आत ये," सोफ्यावर बसलेल्या बाईसाहेब म्हणाल्या. त्यांनी तिची नजर पाहिली आणि खूश झाल्या. "आवडलं का? कालच लावून घेतलं."

माणसाएवढा उंच तपकिरी कागद काचेमागे बसवला होता. त्यावर कोळसा, काळी शाई, आणि मधून मधून निळा रंग बोटानं फासलेला. उसाच्या रानातून एक बाई बाहेर येत होती, की रानाचीच बाई होत होती, सांगता येत नव्हतं. मांड्या म्हणजे उसाची पेरं. थानं पपईसारखी लोंबती. तोंड घोडीचं, लांब. एक डोळा समोरून काढलेला, एक बाजूनं, आणि गालात आणखी एक छोटा गोल चेहरा, शिंगं फुटलेला. एका हातात चंद्राची कोर होती, दुसऱ्या हाताला पानं आली होती. आणि पोटाच्या जागी झाकण उचललेलं एक भांडं. भांड्यात सात गोटे. सहा गुळगुळीत. सातवा मधोमध तडकलेला, दोरीनं बांधलेला. दोरीचे तीन वेढे, गाठ डाव्या अंगाला, टोक लांब सोडलेलं.

"रानटी आहे, पण ताकद बघ काय आहे," बाईसाहेब म्हणाल्या. "पॅरिसला राहून आलाय हा. तिकडच्या मोठमोठ्यांत बसून शिकलाय. पण मूळचा तुमच्यातलाच. तुमच्या खाडीपलीकडच्या रेग्लाचा."

"असेल, बाईसाहेब."

"आमच्या ह्यांना नाही आवडलं. ते म्हणतात, ज्याला पायाची बोटं ओळीनं काढता येत नाहीत तो कसला चित्रकार! म्हणून मग इथं टांगलं. पाय सोफ्यामागं जातात, वाद मिटतो."

बाईसाहेब हसल्या. निकानोराही हसली, कारण हसायचं होतं. बाईसाहेबांच्या सासऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी ढोलाचा आवाज झोपेत येतो म्हणून पोलीस पाठवले होते, हे हवानात सगळ्यांना ठाऊक होतं. पोलिसांनी ढोल फोडले, बायकांचे मणी तोडले, म्हाताऱ्यांना गाडीत कोंबलं. आता त्याच सासऱ्यांची सून त्याच ढोलांची देवी काचेत घालून सोफ्यावर लावते आणि पाहुण्यांना म्हणते, ताकद बघा. आधी फोडायचं आणि मग टांगायचं. दोन्हीकडून मालक तेच.

तिने कोट पलंगावर नेऊन ठेवले. संगमरवरी फरशीवरून परत येताना नेहमीच्या सवयीनं तिने डावा पाय उजव्याच्या आडून टाकला. तिचा डावा बूट करंगळीपाशी वस्तऱ्यानं चिरलेला होता. अख्खा बूट तिला कधी होत नसे, आणि असल्या घरांत फाटका बूट दिसला तर तोंडावर कुणी बोलत नाही, दुसरी धोबीण बघतात.

"त्या प्रदर्शनाची पुस्तिका आहे बघ टेबलावर," मागून बाईसाहेब म्हणाल्या. "ने हवी तर. माझ्याकडे दोन आहेत."

तिने पुस्तिका घागऱ्याच्या कमरेत खोवली आणि मागच्या जिन्यानं खाली उतरली.

*

सातवा गोटा फुटलाय हे जगात तिघींना ठाऊक होतं. घराची म्हातारी पुजारीण टेकला, तिची शिष्या बासिलिया आणि ती.

त्या धाडीच्या दिवशी एका शिपायानं टेकलाच्या घरात शिरून येमायाच्या, समुद्राच्या देवीच्या, भांड्याला लाथ घातली होती. भांडं फुटलं, ते नवं आणता आलं. गोटा कुठून आणणार? तो टेकलाच्या आजीनं गुलामीच्या काळात समुद्रातून काढलेला, त्यात देवी बसवलेली. टेकलानं मेलेल्या नवऱ्याची गळाची दोरी घेतली, दोन अर्धकं जुळवली आणि कोळी मारतात तशी गाठ मारली. नव्या भांड्यात निळीचं पाणी घालून सातही गोटे ठेवले, वर झाकण, झाकणावर सात कापडं. त्यानंतर त्या गोट्यांपुढे पन्नासएक माणसांची दीक्षा झाली. आज रेग्लात, ग्वानाबाकोआत त्यांची घरं आहेत, त्यांना शिष्य आहेत. फुटक्या गोट्यावरची दीक्षा खरी नव्हे, असं दीक्षा देणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरानं नुसतं म्हटलं तरी हे सगळे एका दिवसात अनाथ झाले असते.

आणि येत्या सप्टेंबरात, देवीच्या सणाला, टेकला ते भांडं कुणाच्या हवाली करायचं ते सांगणार होती. तिच्या डोळ्यांत सारा पडला होता. समोरचा माणूस आवाजावरून ओळखायची. भांडं मिळणार होतं ते निकानोराला, नाहीतर बासिलियाला. तिसरं कुणी नव्हतं.

मग बोललं कोण?

मी नाही, निकानोरा मनाशी म्हणाली. टेकला मरेल पण बोलणार नाही. राहिली कोण? आणि चित्रकार कुणाचा भाचा? हे मोजायला बोटंसुद्धा लागत नव्हती.

होडीनं खाडी ओलांडून घरी जायच्या ऐवजी ती बंदराजवळच्या गल्लीत वळली. लिओन्सियो तिथं एका गोदामाच्या माडीवर राहायचा. बासिलियाच्या बहिणीचा मुलगा. आई लवकर गेली म्हणून टेकलाच्या अंगणातच वाढला. पुढे शिकायला म्हणून बोटीनं गेला तो वीस वर्षं तिकडेच. युद्धानं हाकललं तेव्हा परत आला, बायको तिकडच्या मातीत ठेवून. पहिलं वर्षभर त्यानं कागदावर रेघ मारली नव्हती.

"निका मावशी! आज इकडं कशी वाट चुकलीस? बस. त्या खुर्चीवर नको, रंग ओला आहे."

निकानोरा बसली नाही. तिने पुस्तिका उघडली. आत घड्या घातलेलं एक लांब पान होतं. पोट दिसेल एवढ्या घड्या तिने सोडल्या आणि पान त्याच्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"छापलंय बरं. निळा जरा फिका गेला."

"निळीचं तू मला नको शिकवूस. ह्या भांड्यात काय आहे ते विचारतेय."

लिओन्सियोनं हात विजारीला पुसले. पुसून झाल्यावर परत पुसले. विजारच काळी होती, हात आणखी काळे झाले.

"मावशी, मी पाहिलं ते काढलं."

"दाखवलं कुणी?"

"मी मागितलं नव्हतं. गेल्या सप्टेंबरच्या सणाला आलो होतो, नुसता कोपऱ्यात बसलो होतो. मला हाताला धरून आत नेलं. म्हटलं, बघ. म्हटलं, काढ हे. पोलीस परत आले तर गोटे नेतील, भांडं नेतील, हे कसं नेतील? तिथून आलो आणि रात्रभर... इतक्या वर्षांनी हात हलला मावशी."

"कोण म्हटलं?"

तो खिडकीकडे बघायला लागला. खाली कुणीतरी अननसवाल्याशी भांडत होतं.

"दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुला नाही सांगता येत."

"मला का नाही?"

"तुलाच नाही."

"तुझ्या मावशीला पाठीशी घालतोयस. बासिलियाला."

"बासिलिया मावशीचं नाव नको घेऊस यात."

"मग कुणाचं घेऊ?" निकानोराचा आवाज चढला. "आणि विकलंस! वेदादोच्या बंगलेवाल्या बाईला विकलंस. देवी सोफ्याच्या वर टांगलीय, ठाऊक आहे?"

"विकलं. खायला लागतं. आणि तिला काय दिसतंय त्यात? तिला रान दिसतं. माणसं समोर उभी राहून बघतात आणि काही बघत नाहीत, याच्याहून चांगली लपायची जागा मला तरी सापडली नाही."

"मला दिसलं."

"हो," लिओन्सियो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण नव्हतं, भीती होती, आणि ती निकानोराला लबाडाची भीती वाटली. "तू तिथं कोट घेऊन जातेस हे ठाऊक असतं तर त्या बाईला दिलंच नसतं."

*

होडीत उभ्याउभ्या तिने तो सप्टेंबरचा दिवस पुन्हा पुन्हा उलटापालटा करून पाहिला. काही सापडेना, कारण तो दिवस तिच्याजवळ नव्हताच. ढोल सुरू झाला, मानेत कळ आली, पायाखालची जमीन लाटेसारखी वर उचलली गेली, इथपर्यंत होतं. पुढे काही नाही. संध्याकाळी ती चटईवर जागी झाली होती. घागरा काकवीनं चिकटलेला, घसा बसलेला, नखांत निळ. निळीचं काय, धोबिणीच्या नखांत ती बारा महिने असते.

देवी जिच्यावर स्वार होते ती घोडी. निकानोरा एकवीस वर्षं येमायाची घोडी होती. रेग्लात तिच्याएवढी जुनी दुसरी नव्हती. आणि टेकलाच्या घरात नियम कडक: देवी उतरली की घोडीला काही सांगायचं नाही. ती काय बोलली, कुणाच्या गळ्यात पडली, कुणाला शिव्या घातल्या, काही नाही. घोडीला कळलं की पुढच्या वेळी ती मागं वळून बघते, आणि मागं बघणाऱ्या घोडीवर देवी बसत नाही. निकानोरानं कधी विचारलं नव्हतं, कुणी कधी सांगितलं नव्हतं.

म्हणजे दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी शुद्धीवर नव्हते, तिने हिशेब जुळवला. तेवढ्यात डाव साधला बयेनं.

बासिलिया टेकलाच्या अंगणात पाटावर बसून नारळ खवत होती. शेजारी गुळासारख्या काळ्या साखरेची परात. ती नारळाच्या वड्या करून होडीच्या धक्क्यावर विकायची, आणि तिच्या वड्यांपेक्षा तिची जीभ जास्त खपायची.

"काय गं, असं तोंड? निखारा गिळलास की काय इस्त्रीतला?"

"तुझ्या भाच्याकडे जाऊन आले."

"मेला जेवला होता का? काडी झालाय नुसता."

"वेदादोच्या बाईच्या भिंतीवर येमाया आहे. भांड्यासकट. सातव्यासकट. गाठीसकट."

खवणीवरचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला, जरा जास्तच जोरात.

"ठाऊक आहे मला," बासिलिया म्हणाली.

"ठाऊक आहे!"

"ओरडू नकोस. शेजारीण कान लावून बसलेली असते."

"तूच दाखवलंस."

"तुला तसं वाटतंय का? वाटू दे."

"नाही म्हण. देवीची शपथ घे आणि नाही म्हण, मी आत्ताच्या आत्ता तुझे पाय धरते."

बासिलियानं नारळाची वाटी खाली ठेवली. कपाळावरचा घाम दंडाला पुसला. ती निकानोराहून चार वर्षांनी लहान, पण त्या क्षणी फार म्हातारी दिसली.

"मी नाही म्हटलं तर तू विचारशील, मग कोण? म्हणून नाही म्हणत."

"हे उत्तर झालं?"

"माझ्याकडे एवढंच आहे. वडी खातेस? तुटक्या आहेत, त्यांना कुणी विचारत नाही."

निकानोरानं वडी घेतली नाही. त्या आठवड्यात तिने त्या घरातलं पाणीही घेतलं नाही. ती आली की बोलणं थांबायचं. टेकला "कोण? निका का?" असं विचारून गप्प व्हायची. स्वयंपाकघरात बासिलिया आणि टेकला कुजबुजताना तिने दोनदा पकडल्या, दोनदा त्या कॉफीबद्दल बोलू लागल्या. कट म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो? तिने रोज पुस्तिका काढून ते पोट बघितलं. गाठीचं टोक कुठल्या बाजूला, वेढे किती, सगळं तिला तोंडपाठ झालं. पानाची खालची घडी तिने एकदाही उघडली नाही. चोर तिथं नव्हता.

शनिवारी तिने टेकलाला सांगितलं, "माय, उद्या दुपारी आतल्या खोलीत बसायचंय. बासिलिया पाहिजे आणि तिचा भाचाही पाहिजे."

"कशाला गं?"

"देवीच्या घरात चोर आहे."

 टेकलाची मणी ओढणारी बोटं चालूच राहिली.

"बसायलाच पाहिजे का?"

"बसायलाच पाहिजे."

*

आतल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर सगळ्यांनी पायताणं काढायची, टोकं आतल्या बाजूला करून ठेवायची, ही घराची रीत. ज्याला घरातून काढायचं त्याच्यावर कुणी ओरडत नसे, हात धरून कुणी बाहेर घालवत नसे. कुणीतरी वडीलधारं माणूस उठून त्याचे बूट रस्त्याच्या दिशेनं वळवून ठेवायचं. बाहेर आलेल्याला ते दिसायचं आणि तो निघून जायचा. तीस वर्षांत निकानोरानं हे दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी ज्याचे बूट वळले होते तो गडी वर्षभरात दारू पिऊन धक्क्यावरून पाण्यात पडला.

रविवारी दुपारी ती सगळ्यांच्या मागून आली. उंबऱ्याबाहेर तीन जोड होते. टेकलाच्या चपला, लिओन्सियोचे परदेशी बूट, बासिलियाचे टाचा झिजलेले कापडी बूट. निकानोरानं आपले बूट काढले. मग इकडेतिकडे पाहिलं, वाकली आणि बासिलियाचे बूट रस्त्याकडे वळवले. हे काम तिचं नव्हतं, टेकलाचं होतं. पण टेकलाला दिसत नव्हतं, आणि निकालात आता राहिलं तरी काय होतं?

खोलीत कोपऱ्यात निळ्या कापडांचा उंचवटा, पुढे कलिंगडाच्या फोडी. टेकला वेताच्या खुर्चीत, बाकीची दोघं चटईवर. लिओन्सियो गुडघ्यांभोवती हात बांधून बसला होता. बासिलिया ताडाच्या पंख्यानं टेकलाला वारा घालत होती, हे तर निकानोराला फारच झालं.

"घाल, घाल वारा," ती म्हणाली. "भांडं मिळेपर्यंत घाल."

"निका," टेकला म्हणाली. "काय आणलंयस ते बोल."

निकानोरानं पुस्तिका काढली, घडीचं पान सोडलं आणि सगळं सांगितलं. दिवाणखाना, काच, सोफा. टेकलानं हात पुढे करून कागद चाचपला. कागद कागदासारखाच लागला.

"मला कुठलं दिसतंय. तू सांग. वरून सुरू कर."

"वर शिंगं आहेत, माय. छोटा गोल चेहरा, त्याला शिंगं. मग मोठं तोंड, घोडीचं."

"घोडीचं. बरं."

"एक डोळा इकडून काढलाय, एक तिकडून. धड एक गोष्ट सरळ नाही. मान झाडासारखी. थानं पपईची. ह्या हातात चंद्र, ह्या हाताला पानं. आणि पोटात आपलं भांडं. झाकण वर. सात गोटे." तिने बोट गाठीवर टेकवलं. "सातवा तुझ्या दोरीनं बांधलेला. तीन वेढे. गाठ डावीकडे, टोक लांब."

बासिलियाचा पंखा मंद झाला.

"हं," टेकला म्हणाली. "गोटा आहे, दोरी आहे. कळलं मला. आता ठेव तो कागद."

"ठेव काय? ही दोघं इथं बसलीत. विचार ना त्यांना!"

"पुरे, निका."

"पुरे कसं? माय, मी तीस वर्षं ह्या घराची फरशी पुसली. एकवीस वर्षं मानेवर देवी घेतली. ही बया साखर ढवळत बसली, आणि आता घराची लाज भाच्याच्या हातून बाजारात नेली, तर तू म्हणतेस पुरे! तूही हिलाच धरून आहेस. मी आले की गप्प बसता, मी काय आंधळी आहे?"

आंधळी हा शब्द टेकलासमोर कुणी उच्चारत नसे. तो उच्चारला गेला आणि खोलीत तसाच उभा राहिला.

टेकला रागावली नाही. ती पुढे झुकली, आणि जे बोलली ते इतक्या हळू, की जणू आजारी माणसाशी बोलत होती.

"निका, पोरी, मी तुला दोनदा थांबवलं. तिसऱ्यांदा थांबवायचा मला हक्क नाही. तुला शेवटपर्यंत जायचंच आहे का?"

"जायचं आहे."

"मग जा. पोटाखाली काय आहे?"

"मांड्या. उसाच्या पेरांच्या," निकानोरा ताडताड बोलली. "मग गुडघे. गुडघ्यांवरही डोळे काढलेत. मग..." तिने खालची घडी उघडली. "पाय."

"पायांचं काय?"

पाय मोठे होते, अनवाणी, मातीत घट्ट रोवलेले. उजवा साधा, पाच बोटं, एकाशेजारी एक. डावा जरा पुढे टाकलेला. त्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती, नख बाहेरच्या बाजूला कललेलं.

सगळंच वाकडं असलेल्या चित्रात हे एक वाकडं आणखी, असं म्हणून नजर पुढे गेलीही असती. पण चित्रातलं बाकी सगळं वाकडं त्यानं रचलेलं होतं. हे त्यानं पाहिलेलं होतं.

पंखा थांबला. निकानोरानं मान वर केली. बासिलिया कोपऱ्यातल्या कलिंगडाकडे बघत होती. लिओन्सियो छताकडे. टेकलाला तर दिसतच नव्हतं, तरी तिनेही तोंड भिंतीकडे केलं होतं. तिघांपैकी एकानंही चटईवर, तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं नाही. इतकं जपून त्यांनी पाहिलं नाही, की तिला कळलं.

नखांतली निळ, भांड्यातल्या पाण्याची. बसलेला घसा. मला हाताला धरून आत नेलं. तुलाच नाही.

तिने हळूच डावा पाय घागऱ्याखाली ओढून घेतला.

"निका?" टेकला म्हणाली. "पायांपर्यंत आली होतीस."

बाहेर तेलाच्या कारखान्याचा भोंगा झाला, रविवारी उगीचच होतो तसा.   बोलले तर घोडीला कळलं असं होईल, एकवीस वर्षं गेली. नाही बोलले तर बासिलियाचे बूट बाहेर रस्त्याकडे तोंड करून आहेत, आणि ते मीच तसे ठेवलेत.

तिने पान घडी करायला घेतलं. कोटाची बाही घडी करावी तशी, कडेला कड लावून, वर अंगठा फिरवून. एक घडी. दुसरी घडी. आधी पाय गेले, मग मांड्या, मग पोट.

"पाय नाहीत, माय," ती म्हणाली. "कागद गुडघ्यापाशीच संपलाय."

टेकलानं श्वास सोडला. खुर्चीचा वेत करकरला.

"असं होय. मग कुणी दाखवलं ते कसं कळायचं?"

"नाही कळत."

"आणि चोराचं?"

"माझ्या डोळ्यांवर आली असेल ऊन-सावली. बासिलियाचं यात काही नाही. पोराचंही नाही." तिने पुस्तिका लिओन्सियोच्या मांडीवर टाकली. त्यानं ती उचलली नाही, नुसता तळहात वर ठेवला. "निळा फिका गेलाय म्हणत होतास. पुढच्या वेळी माझ्याकडून ने. दुकानातली निळ पाणचट असते."

"नेईन, मावशी."

तिला आता बसवेना. ती उठली आणि घागरा जमिनीला टेकेल असा खाली ओढत, आखूड पावलं टाकत बाहेर आली. उंबऱ्यापाशी वाकून तिने बासिलियाचे बूट उचलले. ते वळवत असतानाच मागून पंख्याचा वारा मानेला लागला.

"माझे बूट फिरले होते की काय?" बासिलिया उंबऱ्यात उभी होती.

"वारा आला होता."

"बराच मोठा असणार. एवढे जड बूट!"

 निकानोराचे हात अजून त्या झिजक्या टाचांवर होते. सप्टेंबरला सहा महिने होते. ढोल वाजेल, मानेत कळ येईल किंवा येणार नाही. आली तर ती मागं बघेल का, हे तिला आजच माहीत होतं, आणि आतल्या म्हातारीलाही. भांड्याचं नाव तिने काढलं नाही, बासिलियानेही नाही.

"सरक," बासिलिया म्हणाली आणि तिच्या शेजारी पायरीवर धपकन बसली. कमरेच्या कनवटीतून कागदात गुंडाळलेली वडी काढली, मोडली, मोठा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि छोटा तिच्या हातावर ठेवला. "आठवडाभर पाणी नाही प्यायलीस माझ्याकडचं. घशात अडकली तर मी नाही पाठ चोळणार."

निकानोरानं तुकडा तोंडात घातला. गोड होता, आणि गिळायला खरंच कठीण गेला.

बासिलियानं रस्त्याकडे बघत हात लांबवला, चाचपून एक बूट उचलला आणि तिच्या पुढ्यात सरकवला. डावा. पायाकडे तिने पाहिलं नाही.

निकानोरानं पाय आत घातला. करंगळी चिरेतून बाहेर आली आणि आपल्या जागी बसली.